वाऱ्याची पावती

मुरगाव. मार्च. दुपारचे अडीच.
डेकवर दोन पांढरे खांब,
सात मजली, आत्ता निमूट.
भर समुद्रात ते स्वतःभोवती गरगरतात,
वारा त्यांच्या अंगाला घासून वळतो
आणि जहाज थोडं पुढे सरकतं, फुकटात.
"शिडंच ती, बाय, फक्त कापड नाही,"
सेकंड मेट आवेलिनो फुर्ताद सांगतो.
त्याचं घर इथून जवळ, चिखलीला.
उतरायची परवानगी सहानंतर.

माझं काम हिशेबाचं.
किती टन, किती मैल, किती तेल जळलं,
त्याचा धूर किती.
तेलाची पावती असते,
सहीशिक्क्याची, सोबत नमुन्याची सीलबंद बाटली.
वाऱ्याची पावती नसते.
कोणी भरला, कुठल्या बंदरात, काय भावाने?

म्हणून नियमाने एक वारा ठरवून दिलाय:
साऱ्या समुद्रांची, साऱ्या ऋतूंची सरासरी.
तो कुठेच वाहत नाही.
खारा म्हणावा की मतलई?
चौथीच्या भूगोलात तो नव्हता.
पण तक्त्यात तोच बसतो,
मी त्याच्याच नावाने टक्केवारी लिहिते.

आवेलिनोकडे एक चौकड्यांची वही आहे.
ती कोणी मागितलेली नाही.
"दोन तारीख. आग्नेयेकडून, खणखणीत. कॉफी सांडली.
तीन. तसाच. इंजिन उतरवलं, वेग तोच.
आठ. वारा पडला.
दहा. पुढच्या खांबाचं बेअरिंग गेलं. बांधला.
अकरा. वायव्येकडून असा वारा की रडू यावं.
खांब बांधलेला."

सरासरीला अकरा तारीख कळत नाही.
बांधलेल्या खांबालाही ती त्याचा वाटा देते
आणि दोन तारखेचं देणं बुडवते.
"मग फिटंफाट ना?" चीफ इंजिनियर विचारतो.
तो हसत नाही. मीही नाही.
न जळलेलं तेल कसं मोजायचं
ते मला पाच वर्षांत जमलेलं नाही.
टाकीत उरलेलं दिसतं,
पण ते वाऱ्याने उरलं, प्रवाहाने उरलं,
की कप्तान सावकाश आला म्हणून,
हे तेलावर लिहिलेलं नसतं.

तेवढ्यात क्रेनचा पंजा पोटात उतरतो,
मिटतो, वर येतो.
कडांमधून काळं गळत राहतं.
मालाचा रकाना मी सकाळीच भरला होता:
कोळसा, चौऱ्याहत्तर हजार टन.
माल जहाजाच्या धुरात धरत नाहीत.
तो कुठल्या भट्टीत जाईल, तिथला हिशेब तिथे.
बरोबरच आहे.
माझा फॉर्म धुराड्याच्या तोंडाशी संपतो.

देस्तेरोला घरी येते तेव्हा
आई खिडकीच्या फळीवर ओला फडका फिरवत असते.
"आज तीन फडक्यांचा वारा," ती म्हणते.
"काल एकाचा होता."
मी सवयीने विचारते, दिशा कुठली?
ती फडका उलटा करून दाखवते.
दुसऱ्या बाजूलाही तेच.

रात्री अहवालाच्या तळाशी, शेरा असतो तिथे,
आवेलिनोची अकरा तारीख टाकते.
खोडते. पुन्हा टाकते.
तिच्याखाली, का कोण जाणे, तीन फडके.
ते मात्र खोडते.

बाहेर वारा फिरलाय.
आता जमिनीवरून, मतलई.
दोरीवरच्या चादरी
धक्क्याच्या दिशेला तोंड करून फुगल्यात.
आई त्या आत घेत नाही.
उद्या दुपारपर्यंत
पांढऱ्या राहतील, म्हणते.