काळ्या पावाची शिडी

गुरुवारी संध्याकाळी
ओरिसारेच्या वाचनालयात अकरा माणसं जमली.
कॉफी मीच ओतत होते,
इतिवृत्तही माझ्याच गळ्यात.

टाल्लिनहून आलेल्या तानेलने पडदा खाली ओढला.
म्हणाला, पेन्शनचे अर्ज यापुढे क्राट वाचेल.

सरकारला वाटलं असेल, घरचाच जुना शब्द,
म्हातारी माणसं बिचकणार नाहीत.
लेइदाने विणकाम मांडीवर ठेवलं.

आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं
क्राट कसा करतात:
मोडकं दाताळं, गळकी बादली, गवताचा भारा,
डोक्याच्या जागी मडकं.
तीन गुरुवार तिठ्यावर जायचं
आणि सैतानाला रक्ताचे तीन थेंब द्यायचे.
आमची माणसं पक्की.
ब्लॅककरंटचा रस देऊन परत यायची.
मग तो उठतो,
शेजाऱ्याचं दूध, दाणे, लोणी
रातोरात तुमच्या कोठारात आणून टाकतो.
फक्त त्याला रिकामा बसू द्यायचा नाही.
काम संपलं की त्याचा हात
मालकाच्या नरड्याशी.

"मग हा कुणाच्या कोठारातून आणणार?"
लेइदाने विचारलं.
"आणि थेंब कुणाचे?"
तानेल हसला. म्हणाला, रक्त नको, आजी, पिन पुरतो.
बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते कसंसं वाटलं.

झिनाईदाला क्राट माहीत नव्हता.
तीस वर्षं मासळीचे डबे भरले तिने,
घरात रशियन बोलते.
तिच्या भाषेत 'कृत्रिम' हा शब्द
कलेच्याच पोटातून जन्मतो,
म्हणून ती घाबरली नाही.
तिला एवढंच पाहायचं होतं
की कारागिराने आपली खूण कुठे कोरलीय.
एन्देल आयुष्यभर बस चालवत आला.
तो म्हणाला, ब्रेक दाखवा, बाकी तुमचं चालू द्या.

तानेलने शब्द बदलला.
क्राट राहू दे. कागदोपत्री नाव 'घडवलेलं अरु' असं आहे.

पण अरु म्हणजे नुसती अक्कल नव्हे.
आमच्याकडे अरु मिळतं, तेव्हा माणसाला उमगतं,
आणि जाब द्यायचा, तर अरुच द्यावं लागतं.
लेइदाने सुईवरचे टाके मोजले, मग मान वर केली:
"याला अरु आहे म्हणतोस,
तर हा अरु देतो कुणाला?"

कॉफी गार झाली होती.
मी इतिवृत्तात लिहिलं: प्रश्न नोंदवला.

शेवटी तीच उठली, खुर्चीला धरत.
क्राटपासून सुटायचं तर न होणारं काम सांगायचं,
तिच्या आजीने सांगितलेला उपाय:
पावाची शिडी बांध.
तो विचार करकरून तापतो,
धुमसतो, पेटतो,
सकाळी अंगणात फक्त राख.

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत
तिने ते टंकलं.
आम्ही अकराजण श्वास रोखून.
एन्देलने तर खिडकी उघडली, धुरासाठी.

उत्तर आलं, कॉफीचा घोट गिळायच्या आत.
शिळा काळा पाव घ्या, तो जास्त घट्ट असतो.
पायऱ्यांसाठी कडेचे तुकडे.
शिडी किती उंच हवी?
कुणाचं वजन पेलायचं आहे?

धूर नाही. जळका वास नाही.
सगळे हसले, तानेल सर्वांत मोठ्याने, सुटल्यासारखा.

लेइदा पडद्याकडे बघत राहिली.
"नाही," म्हणाली, "हा तो नव्हे.
त्याला कळायचं, आपल्याला हे जमणार नाही.
जळायचा तो त्या कळण्यानेच."
मग लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला
आणि टोपी शोधू लागली.

सगळे गेल्यावर मी रकाने भरले.
उपस्थिती अकरा. कॉफी दोन किटल्या.
विषय:
क्राट लिहिलं, खोडलं.
अरु लिहिलं, खोडलं.
झिनाईदाचा शब्द मला नीट लिहिता येईना.

उरलेला पाव ती घेऊन गेली होती,
बंदरावरच्या पाखरांसाठी.
यंत्र बंद करायचं राहिलंच होतं.
किती उंच हवी, ते अजून विचारत होतं.