उशिराचे कारण

स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागलं
की समजायचं, गाव इथं नाही.
इथं जांभा कापून केलेली एक खोबण,
दोन रूळ, अकेशियाची धुळकट रांग.
गाव सतरा किलोमीटर खाली,
खाडीत पाय सोडून बसलेलं.

मधली सतरा किलोमीटर आमची.
इनास फर्नांडिस स्टिअरिंगवर, मी घंटीवर.
मुक्कामी गाडी, सुटायची वेळ आठ पस्तीस.
पॅसेंजर यायची वेळ आठ वीस.
कागदावर पंधरा मिनिटं उरतात.
कागदाला काय,
तो डेपोत पंख्याखाली लिहिलेला.

आठ पस्तीसला रूळ नुसते पडलेले.
कॅन्टीनवाल्याने किटली उपडी घातली.
बोगद्यापलीकडे ती कुठे तरी उभी असणार,
एकेरी मार्ग, मोठ्यांची गाडी आधी.
आली ती मोठी, थांबली नाही,
बंद काचा, निळसर उजेड,
फलाटावरचा कागदी कप तेवढा
थोडं अंतर तिच्यामागून धावला.

इनासने हॉर्नवर हात ठेवला, दाबला नाही.
"सोडूंया रे?"
पुढच्या सीटवरचे करंगुटकर मास्तर
दर मिनिटाला मनगट दाखवतात मला,
जणू घड्याळ मी बनवलंय.

तेवढ्यात धक्क्यावरून भिवा तारीचा फोन:
"धा वाजता सुकती लागतली.
मगे होडी हलाची नाय. सांगान ठेवतंय."
डेपोला समजावता येतं, रेल्वेला शिव्या देता येतात.
ओहोटीला मॅनेजर नाही.

आठ अठ्ठावन्न.
पिवळा दिवा वळणावर आला
आणि मास्तरांनी मनगट खाली घेतलं.

उतरले ते सहाजण.
रुक्साना मुकादम, रिकामे दोन टब, एकात एक.
नर्सिंगची पोरगी, कानात वायर, डोळ्यांत झोप.
सगळ्यात शेवटी सगुण मेस्त्री, बांबोळीहून,
फलाट खोल, पायरी उंच,
आधी बायको उतरली, मग पिशवी, मग तो.
छातीचा फोटो हातात आडवा धरलेला,
दुमडू नये म्हणून
दारातून स्वतःच तिरका होऊन आत आला.

बायकांना अर्धं तिकीट, त्याला पूर्ण.
"फुकट जायला पंचाहत्तर लागतात, मेस्त्री."
"म्हणजे अजून सहा वर्सां," तो म्हणाला,
आणि हसला तो आधी,
म्हणून मग मला हसता आलं.

सड्यावर वारा आडवा.
पाण्याची टाकी, शाळा नंबर दोन, तिठा.
तिठ्यावर मास्तर उतरले,
उतरताना म्हणाले, "बरं झालं थांबलात,"
कुणाकडेही न बघता.
पुढचा उतार इनासला पाठ आहे,
आज त्याने तो जरा गाळून वाचला.

धक्क्यावर दहाला बारा कमी.
पाणी पायरी सोडून गेलेलं.
भिवा गुडघाभर चिखलात, पाठ होडीला लावून,
होडी आत ढकलून धरलेली,
कधीपासून ते त्याने सांगितलं नाही.
टब गेले, पोरगी चपला हातात घेऊन गेली.
सगुणला इनासने पाठंगुळी घेतलं.
फोटो त्याने डोक्यावर धरला, छपरासारखा.
"माका नको, तेका भिजव नको,"
एवढंच पाण्यात चालताना ऐकू आलं.

मग गाडीत मी आणि लॉगशीट.
'उशिराचे कारण', रकाना अंगठ्याएवढा.
मी लिहिलं: क्रॉसिंग.
खरंच आहे ते.

सही राहिली होती.
पलीकडच्या काठावर बॅटरी दोनदा लागली, विझली,
तेव्हा केली.
इनास मागच्या लांब सीटवर आडवा,
चिखलाचे पाय खिडकीबाहेर काढून.
"पाचचो गजर लाव," तो म्हणाला.
"पहाटेची वेळेवर येता, मेली."