चोक

रबाळे एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
जिथून पारसिकचा डोंगर अर्धाच दिसतो,
तिथे नाखवांचा गाळा.
दारात डुक्कर फियाट, विटांवर उभी,
दोन्ही डोळे काढून डब्यात ठेवलेले.

पहिल्या दिवशी त्यांनी नाव विचारलं.
मी म वर अडकले.
मीनलमधला म कडीसारखा,
आतून लागलेला.
घणसोलीत माझी वाक्यं दुसरेच पूर्ण करायचे,
रिकाम्या जागा भरा, तशी.
नाखवा पाना पुसत राहिले.
आडनावासकट नाव बाहेर येईपर्यंत
तो पाना चांगलाच चकाकला.

मग चुंबक दिलं, फडक्यात गुंडाळलेलं.
फिरव म्हणाले, हिच्या सगळ्या अंगावरून.
चिकटेल तिथे पत्रा,
घसरेल तिथे कुणीतरी गंज न खरवडता
लांबी भरून वर रंग फासलाय.
डाव्या मडगार्डवर ते चारदा घसरलं.
मी खडूने गोल काढले.
रात्री आरशासमोर उगाच
गालावरून हात फिरवून पाहिला.

तीन महिने नुसतं खरवडणं.
ऐंशीचा पॉलिश पेपर, मग एकशेवीसचा,
नखांत विटकरी धूळ.
आई सुकट वाढताना म्हणायची,
"हात कवरं कालं झाल्यान गो,"
आणि भाकरी स्वतःच मोडून ताटात ठेवायची.

एका मंगळवारी मॅनिफोल्डचा बोल्ट तुटला.
घाई माझीच.
कट्. टिल्यासकट सगळा गाळा गप्प.
मी सॉरीच्या स वर उभी.
नाखवा म्हणाले, "साठ वर्षं बसलाय तो तिथं.
डिझेल पाज. सकाळी विचार."
सकाळी विचारलं. नाही म्हणाला.
दुसऱ्या सकाळीही नाही.
तिसऱ्या दिवशी भोक पाडून, उलट्या आट्यांचा सुळा घालून
पाव वळसा पुढे, जरा मागे, पाव वळसा,
आणि निघाला,
गुळाच्या खड्यासारखा तपकिरी.
अजून माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.

टॅपेटची फट बोटांनी शिकले.
पट्टी सरकताना किंचित धरली गेली पाहिजे,
अडली नाही पाहिजे.
हा फरक मला लहानपणापासून ठाऊक होता,
फक्त जिभेत होता.

मार्चमध्ये इंजिन पहिल्यांदा बोललं.
फट्. फट्. थांबलं. फट्.
टिल्या हसला.
मी चोक ओढून धरला.
गार इंजिनाला मध्येच कुणी रेस दिली
की ते पेट्रोलमध्ये बुडतं,
मग तासभर काही सांगत नाही.
मी धरून राहिले.
हळूहळू त्याचं सगळं बोलणं एका सुरात आलं
आणि डब्यातले नट थरथरू लागले.

नौपाड्याहून पाठारे आले, गाडीचे मालक.
बॉनेटमध्ये वाकून ऐकत राहिले.
"इंजिन कुणी केलं?"
नाखवांना सगळं माहीत होतं.
त्यांनी बिडी पेटवली
आणि डोंगराच्या दिसणाऱ्या अर्ध्याकडे पाहिलं.

म.
म.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एक कंटेनर गेला, पूर्ण गेला.
म-मी.

पाठारे मान हलवत आत बसले,
स्टिअरिंगवर तळहात दाबला, दोनदा.
"हॉर्न वाजत नाही."
"उ-उद्या," मी म्हणाले,
"वायर ज-जळालीये. उद्या या."