तिढा

रास लाफानहून हेलियमची टाकी आली
तेव्हा दोहात शेहेचाळीस अंश होते
आणि टाकीच्या पोटात, निरपेक्ष शून्याच्या वर, फक्त चार.
मध्ये दोन पत्रे, आणि पत्र्यांच्या मध्ये काहीच नाही.
मी ती लिफ्टपर्यंत ढकलत नेली,
काठोकाठ भरलेली दुधाची किटली न्यावी तशी.

रेगे बाई तळघरात वाट बघत होत्या.
त्यांचा खडा जाड्या मिठाच्या कणीएवढा,
यिटर्बियमचा. त्यात म्हणे
मोजता येणार नाहीत इतकी होकायंत्रं,
थरावर थर, त्रिकोणात मांडलेली,
आणि सगळ्यांचा हेका एकच:
शेजारी वर, तर मी खाली.

"दोघं असते तर मिटलं असतं, मुकादम."
माझ्या पेटीतले पाने काढून त्यांनी टेबलावर ठेवले.
एक तोंड वर करून. दुसरा खाली.
"आता तिसऱ्यानं काय करायचं?"
तिसरा हातातच राहिला.
तीन तिघाडा, काम बिघाडा, मी म्हणालो.
बाई हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं, तारखेसकट.

अल खोरला आमची खोली.
शाजीला एसी अठरावर लागतो.
टेकबहादूरला बंद; त्याच्या गुडघ्यात गार शिरतं.
मला खिडकी उघडी हवी, समुद्र ऐकू येईल म्हणून.
(येत नाही. पलीकडे जनरेटर आहे.
बाणकोटची सवय, दुसरं काय.)
नऊ वर्षं रोज रात्री नवा तह,
आणि सकाळी तिघंही थोडे थोडे नाराज,
सारखेच.

तिसऱ्या रात्री आकडा एकाच्या खाली गेला.
मग अर्धा. मग एका अंशाच्या हजार भागांतले पन्नास.
साधा चुंबक असता तर
केव्हाच कवायतीला उभा राहिला असता,
रेघेला एक टोक आलं असतं: इथे ठरलं.
रेघ चढत राहिली, कुठेही न मोडता.
"गोठत का नाहीत?"
"थंडीनं फक्त घाई संपते, मुकादम. तिढा तसाच राहतो."

मग त्यांनी बाहेरून जोर लावला.
मोठं चुंबक, हळूहळू.
रेघ वर आली आणि एक तृतीयांशावर
एकदम सपाट झाली, ओट्यासारखी.
"दोन वर, एक खाली," बाई पुटपुटल्या.
आनंदानं त्यांचा चहा सांडला.
मी विचारलं, खाली कोण?
"कुणीही. तिघांत फरक काहीच नसतो."

जूनमध्ये कंपनीनं आमच्या खोलीतली
दोन कंत्राटं वाढवली.
टेकबहादूरला विमानतळावर सोडायला मीच गेलो.
बॅग तेवीस किलो भरली, वर एक ब्लँकेट,
ते त्यानं हातात घेतलं.

आता एसी चोवीसवर असतो.
खिडकी बंद. शाजी काही म्हणत नाही, मीही नाही.
इतकी शिस्त त्या खोलीत कधीच नव्हती.

पहाटे बाईंनी जोर उतरवला.
ओटा विरघळला, पुन्हा कुणीच ठरलेलं नाही.
त्या बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या,
जणू कुणी परत आलंय.

मी झडप तपासली, वाफेची नोंद केली, पेटी आवरली.
तेरा नंबरचा पाना अजून त्यांच्याकडेच आहे.
रोज लागतो. मागितलेला नाही.