पिवळं कानातलं

सकाळी साडेपाचला मी मशीन पुसते,
एकदा पाण्यावर चालवून बघते.
मग उतारावरून किटल्या वाजतात
आणि निवृत्ती पऱ्हाड रोजच्यासारखा म्हणतो,
"आज फॅट लागणार. काल सरकी घातलीय."
लागते तीन पूर्णांक चार.
तीन पाचच्या खाली भाव तुटतो.
मी तीन पाच लिहीत नाही, तो भांडत नाही.
दोघं स्क्रीनकडं बघत राहतो,
जणू आकडा अजून काही बोलणार आहे.

अनुदान जाहीर झालं तेव्हा पेढे कुणी वाटले नाहीत,
पण केंद्रावरचा चहा दोन दिवस दाट होता.
लिटरमागं पाच रुपये, गाईच्या दुधाला.
मागून फॉर्म आला:
आधार, खातं, मोबाईल,
आणि जनावराच्या कानातला बारा आकडी नंबर.
नावाला रकाना नव्हता.
हौसाबाई गव्हाणे म्हणाली, "चंद्री लिही की कडेला कुठंतरी."
कागदाला कड असते, मावशी.
संगणकाला नसते.

एक्केचाळीस अर्ज परत आले.
शिरूरहून एसटीनं पुण्याला गेले,
तिथून औंध, झाडांमागची कचेरी.
साहेब खरंच चांगला माणूस.
बसा म्हणाला, चहा सांगितला.
मी कपात बघितलं आणि सवयीनं मनात नोंद केली:
दोन पूर्णांक आठ, पाणी जरा जास्तच.
"ताई," तो म्हणाला, "तुमच्याकडं आठाचे तीन झालेत."
इंग्रजी तीन, इंग्रजी आठ.
दोहोंत फरक इतकाच
की कुठंतरी कानावर शेण वाळलं होतं.
त्याच्यामागं भिंतीवर गाईचा फोटो होता.
कान स्वच्छ. नंबर नव्हता.

घरी येऊन जुने टूथब्रश गोळा केले.
तीन दिवस गोठ्यांतून हिंडले.
कान धरला की गाय मान झटकते,
आठ हलतो. पुन्हा धर. पुन्हा हलतो.
पऱ्हाडाचा पोरगा बॅटरी धरून उभा,
मी आकडे ओरडायची, तो पुटपुटत लिहायचा,
आणि मध्येच गाईला "गप गं बाई" म्हणायचा
माझ्याच आवाजात.

हौसाबाईनं चंद्रीचा कान कुरवाळला.
"हिला घ्यायला माझं कानातलं मोडलं,
आणि हिला बघ, सरकारनं पिवळं घातलं."
ती हसली, मीही हसले,
ब्रश बादलीत बुडवला.
पलीकडं तिची म्हैस.
तिच्या कानात तसंच पिवळं, अंक लख्ख.
"हिचं गं?"
"म्हशीला नाही."
"का?"
मला माहीत नव्हतं. मी बादली उचलली.

चाळीस अर्ज गेले.
एक्केचाळिसावा निवृत्तीचा राहिला.
त्याच्या गाईचं पिवळं कुंपणाच्या तारेत कधीच गेलं,
कानाला नुसती चीर, वाळलेली.
नवीन टॅग येईस्तोवर मुदत संपते,
हे त्यालाही ठाऊक आहे, पोरालाही.

आज सकाळी किटली ठेवत तो म्हणाला,
"काल सरकी घातलीय."
मशीन घुरघुरलं.
तीन पूर्णांक सहा.
मी पावती फाडून दिली.
त्यानं ती दोनदा वाचली,
घडी घातली, टोपीत ठेवली.