एक दिवसाआड

नागभीडच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत
एक लोखंडी कपाट आहे. किल्ली माझ्याकडे.
लांजेवार वकील वारले तेव्हा त्यांची पुस्तकं
बंडीत घालून आली, तीन पोती नि एक टोपली.
टोपलीत हे.
कातडी बांधणी, सुकल्या पत्रावळीसारखी वाकलेली.
साल अक्षरांत छापलेलं: एम, डी, एक्स, एल.
बोटांवर मोजलं, पंधराशे चाळीस.
तेव्हा इथं राज्य कोणाचं होतं, असं विचारलं
तर दोन वकिलांची तीन मतं झाली.

रजिस्टरात लिहिलं: कोश एक. भाषा लॅटिन.
विषय रोमन लोकांचा कायदा.
शेरा: कसर लागली आहे.

मिशन दवाखान्यातल्या सिस्टर एमरेंशिया आल्या,
आधी हात धुतले, मग चष्मा पुसला,
तांदळातले खडे निवडावेत तसे शब्द निवडू लागल्या.
वाटेचेच तीन निघाले:
माणसानं चालायची, गुरं हाकायची, गाडी न्यायची.
आमच्याकडे पांदण, मी म्हटलं,
शब्द एकच, नि तिच्यावर दावे चौदा.

मग आला ग्लान्स.
बलूताचं फळ. शेजाऱ्याच्या रानात पडलं
तर ज्याचं झाड त्यानं जाऊन वेचावं,
एक दिवसाआड. शेजाऱ्यानं अडवू नये.
पुढे बारीक अक्षरांत: या एका नावात
सगळीच फळं आली असं समजावं.

माझे कान तापले.
बाहेर व्हरांड्यात भागरता गेडाम बसलेली.
धुऱ्यावरचा मोह तिचा,
फुलं पडतात झिबल नन्नावरेच्या बांधीत,
दाव्याला अकरा वर्षं.

आत बोलावलं. सगळं वाचून सांगितलं.
"एक दिवसाआड?" ती म्हणाली,
"मोह का एक दिवसाआड गळते, बाबू?
कोंबड्याच्या आंधी गळते, उजाडेस्तोर अस्वल येते.
आन् थे फर नोहोय जी, फूल होय.
फर मंजे टोरी. थे जेठात."

सिस्टर हसल्या.
पावणेपाचशे वर्षांत त्या कोशाची
अशी उलटतपासणी झाली नसावी.
त्याच्या बाजूनं बोलायला खोलीत कुणी नव्हतं,
मी होतो, पण मला लॅटिन येत नाही.

निघताना तिनं पान नाकाशी नेलं.
"याले किडा लागला. टोरीची ढेप जाळा, धूर द्या."
नि मधला एक दिवस सोडून
स्वतःच घेऊन आली, पदराच्या गाठीत.

धुरानं दोन पट्टेवाले खोकले.
साहेबांनी डायसवरून विचारलं, काय जळतंय?
मी म्हटलं, अभिलेख जतन.

कपाट उघडलं की अजून वास येतो,
ग्लान्सच्या पानाला जरा जास्तच.
त्या पहिल्या अक्षरातून कसर आरपार गेलीय,
भोकातून मागच्या पानावरचं एक अक्षर दिसतं.
ते कुठल्या शब्दाचं,
सिस्टरना विचारायचं राहून गेलं.