उलटी लाट

उर्वे दुकानाच्या आत उभी राहून रंगवते,
कारण बाहेर हापसालूचा डिसेंबर असतो.
खाडीवरून वारा येतो
आणि थेंब ओघळायच्या आत
ब्रशच्या टोकाशी गोठून बसतो.

आतून म्हणजे उलटं.
मूर्तीला डोळे शेवटी, सगळं झाल्यावर.
काचेला आधी.
आधी डोळ्यातली चमक, मोहरीएवढा पांढरा ठिपका,
मग बुबुळ, मग पापणी, मग तोंड,
मग शिंगांचा पसारा,
आणि रेनडिअर अख्खा उभा राहिला की
त्याच्या मागे बर्फ.
एकदा अंगावर रंग चढला
की पुन्हा डोळ्यापर्यंत पोचता येत नाही.
'माणसांचंही असंच,' मी एकदा म्हणालो.
'बादली आण,' ती म्हणाली.

बादली आणायचं हे माझं चौथं वर्ष.
कोमट पाणी, फडकी, दाढीची पाती,
खडूची पूड, आणि ती चिकटावी म्हणून
चमचाभर दूध. चमचाभरच.

बेकरीला आल्याच्या बिस्किटांची गल्ली.
चष्मेवाल्याला चष्मा लावलेलं घुबड.
मासेवाला नको नको म्हणतो,
तरी त्याच्या काचेवर दरवर्षी
लाल टोपीतला एक नाराज पाइक.
शवपेट्यांच्या दुकानाला फक्त मेणबत्ती,
तीही मालकाने बजावल्याप्रमाणे:
ज्योत सरळ हवी, वाऱ्यात वाकलेली नको.

आणि प्रत्येक काचेच्या माथ्यावर 'हैद यूले',
शुभ नाताळ, उजवीकडून डावीकडे.
त्यांच्या लिपीत पहिल्या शब्दावर दोन ठिपके,
दुसऱ्यावर एक लाट, नखाएवढी.
ठिपके कुठूनही पाहा, ठिपकेच.
लाट तशी नाही.
तिचा चढ काचेपलीकडे उतार होतो.

मैमू बाईंनी गावाच्या तीन पिढ्यांना व्याकरण शिकवलेलं.
नव्वदी ओलांडली तरी
ढकलायची घसरगाडी घेऊन बाजारात यायच्या,
पुढच्या फळीवर बटाटे.
दरवर्षी कुठल्या ना कुठल्या काचेपाशी थांबायच्या
आणि अंगठीने वाजवायच्या. टक टक.
मग हातमोज्यातलं बोट वर करून
हवेत एक लाट काढायच्या, बरोबर बाजूची.
उर्वे आतून मान हलवायची, ओलं फडकं घ्यायची.
दोघींत एक शब्द नाही.
मला वाटायचं, हिचंही वय झालं.
इतक्या काचांत एखादी लाट चुकणारच.

बाई ऑक्टोबरात गेल्या,
सफरचंदं अजून झाडांखाली पडून होती तेव्हा.

या वर्षी चूक औषधांच्या दुकानात होती.
मला लगेच दिसली.
उर्वे मागच्या मोरीत ब्रश धूत होती.
तिला कशाला सांगायचं, कशाला ओशाळं करायचं,
म्हणून बोटाला फडकं गुंडाळून मी ती पुसली
आणि धाकट्या ब्रशने नवी काढली.
माझ्या हातची पहिलीच.
बरी जमली होती.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावरून
त्या काचेकडे पाहत उभी होती.
गळपट्टा सुटलेला, बांधायचं भान नाही.
'कुणी वाजवलं होतं?'
'नाही,' मी म्हणालो, 'कुणीच नाही.'
तिने मान हलवली.
काचेआडून ती जशी हलवायची,
तशीच.

तेव्हा मला कळलं.
कळून काय करणार होतो.
मासेवाल्याचा पाइक अजून बाकी होता,
आणि पाणी गार होत चाललं होतं.

सहा जानेवारीला आम्ही सगळं खरवडलं.
घुबड, बिस्किटं, मेणबत्ती,
खाली कागदावर पांढरा भुगा.
औषधांच्या दुकानातली ती लाट तेवढी निघेना.
दूध जास्त पडलं होतं माझ्याकडून.
पातं बदलावं लागलं, दोनदा.
उर्वे शेजारी उभी राहून बघत होती,
म्हणाली, 'सावकाश. काच तुटेल.'